गेटबाहेरची सिगारेट

कर्करोगाच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या गेटबाहेर थोडा वेळ उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. हातावर सलाईनची सुई चिकटपट्टीखाली तशीच, केस गेलेले, अंगावरचे कपडे दोन मापांनी सैल झालेले आणि भिंतीचा आडोसा धरून एखादा रुग्ण सिगारेट ओढतोय. जाणारे-येणारे त्याच्याकडे दोनच तऱ्हेने बघतात. काहींच्या नजरेत राग असतो: एवढं होऊनही हा सुधारत नाही. काहींच्या नजरेत कणव असते: आता राहिलंय काय त्याच्या हातात, ओढू दे बापड्याला. असा एखादा फोटो चार लोकांसमोर आला की वादही याच दोन सुरांत पेटतो, आणि तो वाचताना दर वेळी मला वाटतं की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. हा त्या माणसाच्या स्वभावाचा, त्याच्या इच्छाशक्तीचा नाहीतर त्याच्या हक्काचा प्रश्न आहे असं दोघांनीही धरून टाकलेलं असतं. माझ्या मते हा उपचाराचा प्रश्न आहे. कर्करोगाच्या रुग्णाची सिगारेट सोडवायला मदत करणं हा त्याच्या उपचाराचा भाग आहे, केमोबरोबर उलटीचं औषध देण्याइतकाच. ती मदत पुरवणं ही उपचार करणाऱ्यांची जबाबदारी आहे. आणि ती मदत देऊनही सिगारेट सुटली नाही, तर म्हणून बाकीच्या उपचारातलं तसूभरही कमी करता कामा नये. या तिन्ही गोष्टी मी एका दमात म्हणतोय, कारण त्यातली एक जरी सुटली तरी बाकीच्या दोन फसतात.

आधी धूर उपचाराचं नेमकं काय करतो ते पाहू, कारण या वादात त्यावर कोणी फारसं बोलतच नाही. सिगारेटला जे नुकसान करायचं होतं ते कर्करोगाच्या रूपाने करून झालं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. किरणोपचार घ्या. किरण गाठीतल्या पेशींच्या डीएनएवर घाव घालतात आणि तो घाव कायमचा व्हायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनचा तुटवडा असलेली पेशी मारायला साधारण 2.5 ते 3 पट मात्रा लागते. किरणोपचाराच्या शास्त्रातला हा अगदी पायाचा नियम आहे. आता सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बघा. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त ओढीने चिकटतो आणि काही तास सुटत नाही. म्हणजे मशीनखाली झोपायच्या तासभर आधी ओढलेली सिगारेट त्याच दिवसाच्या किरणांची धार कमी करू शकते. 1993 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डोकं आणि मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या 115 रुग्णांचा अभ्यास आला. उपचाराच्या काळात ओढत राहिलेल्यांपैकी 45 टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली. न ओढणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 74 टक्के होतं. दोन वर्षांनी पहिल्या गटातले 39 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 66 टक्के. यंत्र तेच, मात्रा तीच.

औषधांची कथा याहून वेगळी आणि मला विचाराल तर याहून महत्त्वाची. धुरातली काही रसायनं यकृतातली काही विकरं, म्हणजे एन्झाइम, जागी करतात. ही विकरं काही औषधं शरीरातून भराभर बाहेर काढून टाकतात. फुप्फुसाच्या कर्करोगावरचं एर्लोटिनिब हे त्याचं ठळक उदाहरण: एरवी 150 मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, पण धूम्रपान सुरू असलेल्यांना 300 मिलिग्रॅमपर्यंत सोसवतो असं दिसून आलं, कारण त्यांच्या रक्तात औषध टिकतच नाही. इरिनोटेकन नावाच्या केमोच्या औषधाचं जे रूप गाठीवर काम करतं, त्याचं रक्तातलं प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळलं आहे. दोन गोष्टी इथे नीट लक्षात घ्यायला हव्यात. एक, हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. तेव्हा निकोटिनचा पॅच लावल्याने ही अडचण येत नाही. दोन, रुग्णाने मधेच सिगारेट सोडली की तीच विकरं थंडावतात आणि रक्तातलं औषध वाढतं. म्हणजे रुग्ण ओढतो की नाही, कधी सोडली, परत कधी धरली, हे डॉक्टरला ठाऊक नसेल तर त्याने लिहिलेल्या डोसला अर्थच राहत नाही. आपण हा प्रश्न नीतीचा करून टाकला, रुग्णाला खोटं बोलायला शिकवलं, आणि त्याची झळ सरळ औषधाच्या डोसला लागली.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते लोकांना बऱ्यापैकी माहीत आहे. धूम्रपानाने जखमा उशिरा भरतात, फुप्फुसात संसर्ग होतो, टाके धरत नाहीत. शस्त्रक्रियेच्या 4 आठवडे वा त्याहून आधी सोडलेल्यांना गुंतागुंत कमी होते असं जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलं. पण शस्त्रक्रिया जवळ आली असताना सोडली तर उलट फुप्फुसाला त्रास होतो, ही समजूत 1980च्या दशकापासून चालत आली आहे आणि अजूनही काही डॉक्टरांच्या तोंडून ऐकू येते. 2011 मध्ये त्या वेळेपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या समजुतीला आधार सापडला नाही. शस्त्रक्रिया उद्या असली तरी आज सोडण्यात तोटा नाही. स्तनाच्या कर्करोगात किरणोपचार घेणाऱ्या बायकांचं उदाहरण तर प्रत्येक सल्लाकक्षात सांगितलं जावं इतकं बोलकं आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, त्या किरणांमुळे पुढे फुप्फुसाचा कर्करोग होण्याची जास्तीची शक्यता कधीच धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये सुमारे 0.3 टक्के होती, आणि ओढत राहणाऱ्यांमध्ये सुमारे 4 टक्के. एका कर्करोगावरचा उपचार दुसऱ्या कर्करोगाची वाट मोकळी करतो की नाही, हे त्या बाईच्या हातातल्या पाकिटावर बरंचसं ठरतं. हे तिला कोणी सांगितलेलं असतं का?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो कणवेचा नाही, पुराव्याचा आहे, आणि तो मांडणारे लोक अभ्यासू आहेत. ते म्हणतात: निदानानंतर सिगारेट सोडणारे जास्त जगले असतील, पण कशावरून ते सोडल्यामुळे जगले? कदाचित ज्यांची तब्येत मुळात बरी होती, घरचा आधार होता, जगण्याची उमेद होती, त्यांनीच सोडली. खंगलेल्यांना सोडायची ताकद नव्हती. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? हा आक्षेप खरा आहे. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे आणि एका गटाला ओढत ठेवायचं, असा प्रयोग कोणी करू शकत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, 2014च्या अहवालाने धूम्रपानामुळे कर्करोगाच्या रुग्णांचं मरणाचं प्रमाण वाढतं, हे कार्यकारण म्हणून मान्य केलं. पण निदानानंतर सोडल्याने आयुष्य वाढतं का, या प्रश्नावर 2020च्या अहवालाने जपून शब्द वापरले: पुरावा त्या दिशेने बोट दाखवतो, पण पक्का निष्कर्ष काढण्याइतका पुरेसा नाही. माझ्या बाजूचे अनेक जण हे वाक्य गाळून पुढे जातात. ते गाळू नये.

पण हा आक्षेप आपण आधीही ऐकलेला आहे. 1950 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी इंग्लंडमध्ये, तर अर्न्स्ट विंडर आणि एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी अमेरिकेत सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवलं, तेव्हा समोर उभे राहिले रोनाल्ड फिशर, विसाव्या शतकातले सर्वांत मोठे संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा युक्तिवाद अगदी हाच होता. सिगारेटची ओढ आणि कर्करोग या दोन्हींमागे एकच आनुवंशिक कारण असेल. किंवा कर्करोगाच्या सुरुवातीच्या अस्वस्थतेमुळेच माणूस सिगारेटकडे वळत असेल. फिशर मूर्ख नव्हते. त्यांचा प्रश्न तर्काला धरून होता. पण उत्तर एका निर्णायक प्रयोगातून आलं नाही. वेगवेगळ्या दिशांनी आलेले पुरावे एकाच जागी येऊन मिळाले, तेव्हा आलं. 1965च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात हिल यांनी सांगितलं ते असं: सगळंच वैज्ञानिक काम अपुरं असतं, पण त्यामुळे हाती आलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरवायची मुभा मिळत नाही. आपल्या प्रश्नातही पुरावे असेच चहूकडून येताहेत. 2010 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यात, सुरुवातीच्या टप्प्यातला फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या 65 वर्षांच्या रुग्णांचा हिशेब मांडला होता: ओढत राहिलेल्यांपैकी पाच वर्षांनी 33 टक्के जिवंत असतील, सोडलेल्यांपैकी 70 टक्के. मॉस्कोत 517 रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला आणि 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: निदानानंतर सोडलेल्या निम्म्या रुग्णांनी 6.6 वर्षांचा टप्पा ओलांडला, ओढत राहिलेल्यांत हाच टप्पा 4.8 वर्षांचा होता. आणि आजाराची अवस्था, रोजच्या सिगारेटी यांचा हिशेब लावूनही फरक पुसला गेला नाही. यातले काही आकडे पुढे खाली येतील, मला मान्य आहे. उमेदीचा, घरच्या आधाराचा वाटा त्यातून वजा करा. पण कार्बन मोनॉक्साइड माणसाची उमेद बघून हिमोग्लोबिनला चिकटत नाही, आणि यकृतातलं विकर घरच्यांचा आधार आहे की नाही ते विचारून औषध फेकत नाही. प्रयोगशाळेतली यंत्रणा आणि रुग्णांच्या नोंदी एकच गोष्ट सांगत असताना, मदत द्यायलाही शंभर टक्के खात्री हवी असं कोण म्हणेल? ही मदत काही विषारी औषध नाही. ती फुकट गेली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

आता कणवेकडे येतो. हा सूर मला जवळचा आहे, कारण मी स्वतः तो लावलेला आहे. माझ्या मामाला घशाचा कर्करोग झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ठरवलं की त्याला सिगारेटवरून काही बोलायचं नाही. तो गच्चीवर जाई, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत असू. डॉक्टरांनी विचारलं, सोडलीत ना? तो म्हणाला, हो. डॉक्टरांनी मान हलवून पुढचं पान उलटलं. आम्ही चौघं शेजारी बसलो होतो, कोणी काही बोललो नाही. आम्ही त्याला माया दाखवली असं आम्हाला वाटत होतं. पुष्कळ नंतर माझ्या ध्यानात आलं की त्या खोलीत त्याला सोडायची इच्छा आहे का, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. त्याची इच्छा होती. ती त्याने मामीला सांगितली होती, आणि कसं सोडायचं ते मला जमत नाही, असंही सांगितलं होतं.

मायेपोटी गप्प राहण्याला वैद्यकाचा एक मोठा इतिहास आहे. 1961 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारलं गेलं की तुम्ही रुग्णाला कर्करोग झाल्याचं सांगता का? 90 टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. ते दुष्ट नव्हते. रुग्ण खचेल, त्याची आशा जाईल, शेवटचे दिवस तरी सुखात जाऊ देत, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. 1979 मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत माणसाचं मन काही जास्त कणखर झालं नव्हतं. बदललं होतं ते हे, की उपचारांचे पर्याय वाढले होते, आणि ज्याच्याजवळ काही करण्यासारखं आहे त्याच्यापासून सत्य लपवणं म्हणजे त्याच्या हातातलं साधन काढून घेणं आहे, हे उमगलं होतं. आज ‘ओढू दे बापड्याला’ म्हणणाऱ्यांचे शब्द 1961च्या त्या डॉक्टरांच्या शब्दांशी ताडून बघावेत. रुग्णाला सत्य पेलणार नाही, हे गृहीतक दोन्हीकडे तेच आहे.

सिग्मंड फ्रॉइड यांच्या आयुष्यात हे दोन्ही धागे एकत्र येतात. 1923 मध्ये त्यांच्या तोंडात कर्करोग सापडला. त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी खरं निदान आधी त्यांच्यापासून लपवलं, आणि पुढे कळल्यावर फ्रॉइड यांना त्याचा विलक्षण राग आला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूच्या जागी कृत्रिम साचा बसवावा लागला, बोलणं-खाणं यातनामय झालं. सिगार मात्र सुटली नाही. काहींना यात ‘ओढूनही सोळा वर्षं जगले’ असा दिलासा दिसतो. त्या सोळा वर्षांत काय काय सोसावं लागलं ते वाचल्यावर तो दिलासा टिकत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त बोलकी वाटते. फ्रॉइड यांनी तरुणपणीच, 1890च्या दशकात, हृदयाच्या तक्रारीमुळे मित्राच्या सल्ल्यावरून सिगार सोडायचा प्रयत्न केला होता आणि तो जमला नव्हता. माणसाच्या मनाचा थांग घेण्यात अख्खं आयुष्य घालवलेल्या माणसाला निव्वळ निश्चयाने जे साधलं नाही, ते गेटबाहेर उभ्या असलेल्या, केमोने गळून गेलेल्या माणसाला साधावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो?

आणि ‘तेवढाच त्याचा ताण हलका होतो’ हे म्हणणं? ते निम्मं खरं आहे. सिगारेट ओढल्यावर बरं वाटतं, यात खोटं काही नाही. पण त्यातलं बरंचसं ‘बरं वाटणं’ म्हणजे मागची सिगारेट संपल्यापासून चढत गेलेल्या तलफेची सुटका असते. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं आणि तितक्याच घाईने ओसरू लागतं. मग चिडचिड, बेचैनी, झोप मोडणं. हीच लक्षणं कर्करोगाच्या धास्तीचीही असतात. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि रुग्णाला वाटतं, या भयाला सिगारेट हाच उतारा आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की धूम्रपान सोडून काही आठवडे उलटलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाले होते. पहिले दोन-चार आठवडे मात्र खरोखर कठीण असतात. नेमके तेच आठवडे उपचाराच्या सुरुवातीचे असतात. म्हणून तर औषध हवं.

दुसऱ्या टोकाला बसलेल्यांबद्दल मला जास्त लिहावंसं वाटत नाही, तरी टाळता येत नाही. ‘स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय, आधी सोडा, मग उपचार मागा’, असं म्हणणारे नेहमी असतात. 1993 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये धूम्रपान करणाऱ्यांची हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करावी की नाही यावर उघड वाद झाला होता, आणि करू नये अशी बाजू डॉक्टरांनीच मांडली होती. त्यांचा तर्क असा की निकाल वाईट येतो, मग मर्यादित साधनं तिथे का घालवायची? कर्करोगात हाच तर्क लावला तर काय होईल ते सांगतो: रुग्ण खोटं बोलतील. आजही बोलतात. खोटं बोललेल्या रुग्णाचा औषधाचा डोस चुकतो, हे वर आलंच आहे. शिवाय ‘स्वतःच्या हाताने’ या शब्दांचा हिशेब पूर्ण मांडायचा तर त्यात आणखी काही हात मोजावे लागतील. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या सिगारेट कंपनीच्या वकिलाने अंतर्गत टिपणात लिहून ठेवलं होतं की आपला धंदा निकोटिन विकण्याचा आहे आणि ते व्यसन लावणारं द्रव्य आहे. 14 एप्रिल 1994 रोजी सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथ घेऊन म्हणाले की निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. दरम्यानच्या 31 वर्षांत किती जणांनी किशोरवयात पहिली सिगारेट ओढली असेल? त्यांनी ‘निवड’ केली म्हणायचं, तर ज्यांनी खरी माहिती दाबून ठेवली त्यांनी काय केलं म्हणायचं?

मग मदत म्हणजे नेमकं काय? इथे मला सगळ्यात मोठी तक्रार आहे. 2013 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या 1507 तज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. दहापैकी नऊ जण रुग्णाला धूम्रपानाबद्दल विचारत होते. 81 टक्के सोडायचा सल्ला देत होते. प्रत्यक्ष मदत पुरवणारे होते 39 टक्के. विचारणं आणि सल्ला देणं याला आपण मदत समजून बसलो आहोत. पाय मोडलेल्या माणसाला ‘चालत जा’ सांगणं आणि कुबडी देणं यात जेवढं अंतर आहे, तेवढंच इथे आहे. आणि कुबड्या कपाटात पडून आहेत: निकोटिनचे पॅच, गम, लॉझेंज, आणि तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन या गोळ्या. निकोटिनचे पॅच आणि गम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2009 पासून आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन 2021 मध्ये आली. व्हॅरेनिक्लिनने मन बिघडतं ही भीती होती. 8144 जणांवर झालेली मोठी चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली, भीती खरी ठरली नाही आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाकिटावरचा ठळक इशारा काढून टाकला.

ही औषधं कर्करोगाच्या रुग्णाला देताना डोकं लावावं लागतं, आणि म्हणूनच हे काम रुग्णालयाबाहेरच्या कुणावर ढकलून भागत नाही. किरणांनी तोंड सोललं असेल तर निकोटिनचा गम चघळवणार नाही, तिथे पॅच बरा. ब्युप्रोपियॉनने झटके येऊ शकतात, म्हणून आजार मेंदूत पसरलेल्यांना ते टाळावं. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनाही टाळावं, कारण ब्युप्रोपियॉन टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूपात होणारं रूपांतर अडवतं. व्हॅरेनिक्लिनने मळमळतं आणि केमोनेही मळमळतं, तेव्हा वेळा सांभाळाव्या लागतात. निकोटिनच गाठ वाढवेल, अशी धास्ती काही जण घेतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर तसं काही दिसलंही आहे. पण रुग्णापुढे पर्याय पॅच आणि शुद्ध हवा असा नसतो. पॅच किंवा हजारो रसायनांचा, त्यातल्या कित्येक ज्ञात कर्करोगकारकांचा धूर, असा असतो.

आणि याने फळ येतं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या दोन कर्करोग केंद्रांत 303 रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीचं, थोडक्यातलं समुपदेशन. दुसऱ्याला सहा महिने पुन्हा पुन्हा फोनवरून समुपदेशन आणि औषधं विनामूल्य. सहा महिन्यांनी तपासणीने खात्री करून घेतल्यावर पहिल्या गटात 21.5 टक्के आणि दुसऱ्यात 34.5 टक्के रुग्ण सिगारेटपासून दूर होते. ‘म्हणजे दोन तृतीयांश अपयशीच की!’ असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की केमोचं एखादं औषध दर शंभरांत तेरा जणांना जास्तीचा फायदा देत असेल, तर ते आपण बाजूला ठेवतो का?

एका जागी मी माझा आग्रह सोडतो. ज्याच्याकडे काही आठवडेच उरले आहेत, जो आता गाठ घालवायला नाही तर यातना कमी करायला दाखल आहे, त्याच्यापुढे जगण्याच्या टक्केवाऱ्या घेऊन जाणं मला पटत नाही. तिथे त्याला ओढायची असेल तर ओढू द्यावी. कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत त्याला बाहेर घेऊन जावं. पण त्यालाही विचारावं. खाटेवरून उठता येत नाही, बाहेर नेणारं कोणी नाही, आणि तीन दिवस माणूस तळमळतोय. नातेवाइकांना वाटतं शेवट जवळ आला. त्या तळमळीत निकोटिन तुटल्याचा वाटा असू शकतो, आणि एक पॅच ती शमवू शकतो. त्या खाटेवरही प्रश्न निकोटिनचाच असतो.

राहता राहिली गोष्ट पुन्हा धरण्याची. उपचार चालू असताना भीतीपोटी, घरच्यांच्या नजरेखाली, तोंड सोललंय म्हणून अनेकांची सिगारेट आपोआप सुटते. मग शेवटचा डोस होतो, तोंडाला चव येते, तपासणीत गाठ दिसत नाही, घरचे पेढे वाटावेत तसे आनंदात असतात. आणि नेमकं त्याच सुमारास, दोन-तीन महिन्यांत, ती परत हातात येते. माझ्या मामाचीही मधे सुटली होती, ती तशीच परत आली. त्याच्या फाईलमध्ये पुढच्या प्रत्येक भेटीत वजन लिहिलेलं आहे, रक्तदाब आहे, गाठीच्या जागेची नोंद आहे. धूम्रपानाच्या रकान्यात पहिल्या दिवशी लिहिलेला शब्द, ‘सोडली’, तसाच पुढे उतरवत नेलेला आहे. अकरा भेटी. अकरा वेळा तोच शब्द, त्याच अक्षरात.